माद्रिदची वाचलेली चित्रं

प्राडो हे जगातल्या पहिल्या चार-पाच चित्रसंग्रहालयांपैकी एक, पण माद्रिदमधली ही इमारत मुळात चित्रांसाठी बांधलेलीच नव्हती. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या आज्ञेवरून हुआन दे व्हियानुएवा या वास्तुशिल्पीनं १७८५ मध्ये तिचा आराखडा केला, तो निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी. दगड, खनिजं, पेंढा भरलेले प्राणी ठेवायला. पुढे १८०८ मध्ये नेपोलियनचं सैन्य शहरात शिरलं आणि या अर्धवट इमारतीत घोडदळानं मुक्काम ठोकला. छपरावरचं शिसं काढून त्याच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या गेल्या. फ्रेंच गेले तेव्हा भिंती उरल्या होत्या, छप्पर नव्हतं. ते पुन्हा घालून १९ नोव्हेंबर १८१९ रोजी राजघराण्याच्या खजिन्यातली ३११ चित्रं इथे लोकांसाठी मांडली गेली. यात सातव्या फर्नांडोची राणी मारिया इसाबेल हिचा पुढाकार होता असं मानतात. ती बिचारी उद्घाटनाच्या आधीच्या वर्षी वारली.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की माद्रिदची संग्रहालयं बघायला गेलात तर चित्रांबरोबर आणखी एक गोष्ट बघायची असते. हे चित्र इथे पोचलं कसं, आणि वाचलं कसं? त्या शहरात मी आठवडाभर होतो. मोठी तीन संग्रहालयं, प्राडो, थिसेन आणि रेना सोफिया, एकाच झाडीच्या रस्त्यावर, पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात आहेत. एका दिवसात तिन्ही ‘करणारे’ प्रवासी मी पाहिले. त्यांचे चेहरे संध्याकाळी लग्नघरातल्या आचाऱ्यासारखे दिसत होते. प्राडोला दोन दिवस द्यावेत. संध्याकाळचे शेवटचे दोन तास प्रवेश फुकट असतो, पण त्यासाठी लागणारी रांग पाहता पैसे भरलेले बरे.

प्राडोत सगळ्यात जास्त गर्दी असते ती वेलास्केसच्या ‘लास मेनिनास’पुढे. १६५६ चं हे चित्र. सव्वातीन मीटर उंच. मध्यभागी पाच वर्षांची राजकन्या मार्गारीता, भोवती तिच्या सख्या, दोन ठेंगू माणसं, एक पेंगणारा कुत्रा, डावीकडे प्रचंड कॅनव्हासपुढे कुंचला घेऊन उभा स्वतः चित्रकार, आणि मागच्या भिंतीवरच्या आरशात धूसर दिसणारे राजा-राणी. चित्रात कोण कोणाकडे बघतंय यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. मी त्या वादात पडत नाही. माझं लक्ष खिळलं ते त्या आरशातल्या राजावर. हा स्पेनचा चौथा फिलिप. १५८० पासून १६४० पर्यंत स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता, आणि त्यामुळे गोवा, वसई, चौल ही ठाणीही त्याच राजाच्या नावानं चालत. या चौथ्या फिलिपला पोर्तुगालच्या गादीवर तिसरा फिलिप म्हणत. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, तेव्हा वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज अंमलदारांचा धनी हा आरशातला माणूस होता. चित्र काढलं गेलं तोवर पोर्तुगाल हातातून निसटून सोळा वर्षं झाली होती. आरशातला चेहरा थकलेला वाटतो तो त्यामुळेच, असं म्हणण्याचा मोह मला झाला. पण तो धूसर ठिपक्यांचा चेहरा. त्यात आपण म्हणू ते दिसतं.

हे चित्र १७३४ मध्ये जळता जळता वाचलं. त्या वर्षी नाताळच्या आदल्या रात्री माद्रिदच्या जुन्या राजवाड्याला, अल्काझारला, आग लागली. पाचशेहून अधिक चित्रं त्या आगीत गेली. खुद्द वेलास्केसचीही काही गेली, त्यातलं मोरिस्को लोकांच्या हकालपट्टीचं चित्र आज फक्त वर्णनावरून माहीत आहे. मोरिस्को म्हणजे बाटवून ख्रिस्ती केलेले मुसलमान. त्यांना १६०९ पासून स्पेनमधून घालवून दिलं. माणसं देशोधडीला लागली आणि त्या घटनेचा गौरव करणारं चित्रही राख झालं. ‘लास मेनिनास’ मात्र बाहेर काढलं गेलं. ज्यांनी काढलं त्यांची नावं कुठे नाहीत.

गोयाची दालनं हे प्राडोचं काळीज आहे, असं माझं मत. तरुणपणी त्यानं काढलेली हसरी, सहलीची चित्रं वरच्या मजल्यावर आहेत. ती बघून मग ‘३ मे १८०८’ समोर उभं राहावं. २ मेला माद्रिदची साधी माणसं नेपोलियनच्या फौजेवर सुरे-काठ्या घेऊन तुटून पडली. त्या रात्री आणि दुसऱ्या पहाटे फ्रेंचांनी त्यांना पकडून गोळ्या घातल्या. गोयानं सहा वर्षांनी, १८१४ मध्ये, ही जोडचित्रं काढली. पहिल्यात रस्त्यावरची झटापट, दुसऱ्यात गोळ्या घालण्याचा प्रसंग. पांढरा सदरा घातलेला तो माणूस हात पसरून उभा आहे, आणि सैनिकांचे चेहरे दिसतच नाहीत, फक्त पाठी. राजेशाहीला या चित्रांचं फारसं प्रेम नव्हतं. कित्येक वर्षं ती कोठारात पडून होती. उठाव करणारी प्रजा, मग ती परकीयांविरुद्ध का असेना, राजवाड्याच्या भिंतीवर कोणत्या राजाला आवडेल?

आता मूळ गोष्टीकडे येतो. या जोडचित्रातल्या पहिल्या चित्राची, ‘२ मे’ची, डावी बाजू फाटलेली होती. प्राडोनं कॅनव्हासच्या तुटलेल्या जागा कित्येक दशकं सपाट लालसर रंगानं भरून तशाच ठेवल्या होत्या. २००८ मध्ये, उठावाच्या द्विशताब्दीच्या निमित्तानं, जाणकारांनी त्या जागा पुन्हा रंगवून चित्र पूर्ण केलं. काम उत्तम झालं आहे. तरीही मला वाटतं, तो लाल डाग ठेवायला हवा होता. कारण ती खूण गोयाची नव्हती, पण खरी होती.

ती खूण पडली कशी, त्याची हकीकत अशी. जुलै १९३६ मध्ये जनरल फ्रँको आणि इतर सेनाधिकाऱ्यांनी निवडून आलेल्या प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केलं आणि यादवी युद्ध पेटलं. ऑगस्टअखेर प्राडो बंद झालं. सप्टेंबरमध्ये सरकारनं पिकासोला संग्रहालयाचा संचालक नेमलं. तो पॅरिसमध्येच राहिला आणि या रिकाम्या भिंतींचा संचालक म्हणून नावापुरता उरला. प्रत्यक्षात सगळा भार उपसंचालक सांचेस कान्तोन यांच्यावर होता. चित्रं तळमजल्यावर उतरवून वाळूच्या पोत्यांआड ठेवली गेली. १६ नोव्हेंबरला बंडखोरांच्या विमानांनी टाकलेले आग लावणारे बॉम्ब प्राडोवर आणि आसपास पडले. इमारत थोडक्यात बचावली.

सरकार तोवर वालेन्सियाला हललं होतं. चित्रंही तिकडेच न्यायचं ठरलं. अनेक जाणकारांना हे पटलं नव्हतं. तीन-चारशे वर्षांचा कॅनव्हास ट्रकवर चढवून बॉम्ब पडणाऱ्या रस्त्यानं नेणं हाही जुगारच होता. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण नोव्हेंबरपासून पेट्या भरल्या जाऊ लागल्या. लाकडी पेट्या, आत पाणी न झिरपणारा कागद. रात्रीच्या अंधारात, बैलगाडीपेक्षा थोड्याच अधिक वेगानं ट्रक निघत. ‘लास मेनिनास’ची पेटी अर्गांदाच्या पुलाशी आली तेव्हा लक्षात आलं, की पुलाच्या वरच्या लोखंडी चौकटीखालून ती जाणार नाही. पेटी ट्रकवरून उतरवली, खाली रूळ घातले आणि माणसांनी ती ढकलत पलीकडे नेली. डिसेंबरची रात्र, युद्धाची आघाडी जवळ, आणि खारामा नदीवरून राजकन्या मार्गारीता लाकडी पेटीतून घरंगळत चालली आहे.

वालेन्सियात चौदाव्या शतकातल्या शहरवेशीचे दोन बुलंद बुरूज आहेत, सेरानोस नावाचे. तिथे चित्रं ठेवायचं ठरलं. व्हामोन्दे नावाच्या वास्तुतज्ज्ञानं आत काँक्रीटचा घुमट घातला, त्यावर मीटरभर भाताचं तूस आणि त्यावर मीटरभर माती पसरली. वरून बॉम्ब पडला तर धक्का तुसात जिरावा. वालेन्सिया भाताचा मुलूख; आपल्या कोकणातल्या एखाद्या शेतकऱ्यालाही हा उपाय सहज सुचला असता. वेलास्केस, तिशियन, एल ग्रेको, गोया यांची चित्रं वर्षाहून अधिक काळ तुसाच्या गादीखाली सुखरूप राहिली.

मग आघाडी पुन्हा सरकली आणि १९३८ मध्ये सगळा पसारा कातालोनियाकडे हलवावा लागला. या प्रवासात, बेनिकार्लो गावात, बॉम्बनं खिळखिळा झालेला एका घराचा सज्जा ट्रकवर कोसळला. आत गोयाची ती दोन चित्रं होती. दोन्हींना इजा झाली, ‘२ मे’ला अधिक. लाल डाग पडला तो तेव्हा.

१९३९ च्या जानेवारीत बार्सिलोना पडलं. चित्रं फ्रेंच सीमेजवळच्या किल्ल्यांत आणि एका खाणीत दडवलेली होती. युरोपातल्या संग्रहालयांनी मिळून एक समिती केली आणि ३ फेब्रुवारीला फिगेरेस इथे करार झाला, की चित्रं जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या ताब्यात द्यायची आणि युद्ध संपल्यावर ती स्पेनच्या जनतेला परत मिळायची. ७१ ट्रक सीमा ओलांडून फ्रान्सात गेले. तिथून खास आगगाडीनं जिनिव्हा. पेट्या अठराशेहून अधिक भरल्या.

त्याच दिवसांत, त्याच रस्त्यांनी, साडेचार लाखांच्या आसपास माणसं सीमा ओलांडत होती. म्हातारी, पोरंबाळं, हरलेले सैनिक, डोक्यावर गाद्या आणि भांडी. ट्रक या गर्दीतून वाट काढत गेले. चित्रांना आगगाडी मिळाली. माणसांना समुद्रकाठच्या वाळूत तारांच्या कुंपणाआड ठेवलं गेलं, फेब्रुवारीच्या थंडीत, डोक्यावर छप्पर नाही. प्राडोच्या उबदार दालनात उभं राहून हे आठवलं की चित्रं वाचल्याच्या आनंदात खडा लागतो. आणि तरीही, ज्यांनी ती वाचवली ते याच हरलेल्या माणसांपैकी होते. बचावाच्या कामाचा प्रमुख चित्रकार तिमोतेओ पेरेस रुबियो जिनिव्हापर्यंत चित्रांबरोबर गेला आणि मग परागंदा झाला, तो ब्राझीलमध्येच वारला. फ्रँकोच्या राजवटीत या लोकांच्या वाट्याला श्रेय आलं नाही. उलट ‘लाल’ सरकारनं खजिना विकायला नेला होता, असा प्रचार झाला.

जिनिव्हात १९३९ च्या उन्हाळ्यात त्यातल्या पावणेदोनशेच्या आसपास चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा चित्रांचा मालक फ्रँको झाला होता. ते संपता संपता दुसरं महायुद्ध सुरू झालं. सप्टेंबरात चित्रं दिवे मालवलेल्या आगगाडीनं फ्रान्समधून माद्रिदला परतली.

एक मोठं चित्र मात्र परतलं नाही. खरं तर ते कधी स्पेनमध्ये आलेलंच नव्हतं. प्राडोपासून खाली अतोचा स्टेशनच्या दिशेनं चालत गेलं की रेना सोफिया लागतं. अठराव्या शतकातलं हे सार्वजनिक रुग्णालय, आता आधुनिक कलेचं संग्रहालय. रुंद, थंड बोळ पाहिले की खाटांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. दुसऱ्या मजल्यावर ‘गेर्निका’ आहे. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब, काळ्या-करड्या-पांढऱ्या रंगांत.

प्रजासत्ताक सरकारनं जानेवारी १९३७ मध्ये पिकासोला पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी एक भित्तिचित्र सांगितलं होतं. तो महिनोन् महिने चुळबुळत राहिला. २६ एप्रिलला, बाजाराच्या दिवशी, हिटलरच्या कॉन्डॉर पथकानं इटालियन विमानांच्या साथीनं बास्क प्रांतातलं गेर्निका गाव जाळून टाकलं. फ्रँकोच्या बाजूनं सांगितलं गेलं की गाव पळणाऱ्या ‘लालां’नीच पेटवलं. पिकासोनं मे महिन्यात काम सुरू केलं आणि जूनच्या सुरुवातीला ते पूर्ण केलं. दोरा मारनं या कामाचे टप्प्याटप्प्यानं फोटो काढले. ते याच संग्रहालयात आहेत आणि माझ्या मते आधी तेच बघावेत. एका टप्प्यावर पडलेल्या सैनिकाची वर उगारलेली मूठ दिसते. पिकासोनं ती पुढे पुसून टाकली. घोषणा पुसली, किंकाळी ठेवली.

चित्र पुढे स्कँडिनेव्हियात, इंग्लंडात फिरलं, १९३९ मध्ये अमेरिकेत गेलं आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात राहिलं. पिकासोची अट होती, की स्पेनमध्ये लोकांना स्वातंत्र्य परत मिळेल तेव्हाच हे चित्र तिकडे जाईल. १९७३ मध्ये तो गेला, १९७५ मध्ये फ्रँको. १९७८ मध्ये नवी राज्यघटना आली. मग वाटाघाटी सुरू झाल्या आणि प्रश्न आला तो मालकीचा. चित्र स्पेनचं आहे याला पुरावा काय? तेव्हा कामाला आली जुनी कागदपत्रं. प्रजासत्ताकानं १९३७ मध्ये पिकासोला दीड लाख फ्रँक दिल्याची नोंद सापडली. एका हरलेल्या सरकारच्या हिशेबनीसानं, युद्ध चालू असताना, पावती नीट ठेवली होती. आपल्याकडे सरकारी दप्तराला नावं ठेवायची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

फेब्रुवारी १९८१ मध्ये माद्रिदच्या संसदेत पिस्तूल नाचवत सैनिक घुसले. ते बंड एका रात्रीत फसलं. त्यानंतर सात महिन्यांनी, १० सप्टेंबरला, ‘गेर्निका’ विमानानं माद्रिदला उतरलं. आधी प्राडोच्या एका उपइमारतीत, गोळ्यांना दाद न देणाऱ्या काचेमागे. १९९२ मध्ये रेना सोफियात, आणि १९९५ मध्ये काच निघाली. बास्क लोकांना ते आपल्याकडे हवं आहे. १९९७ मध्ये बिल्बाओचं नवं संग्रहालय उघडताना त्यांनी मागितलं, तेव्हा कॅनव्हास प्रवास सोसणार नाही असं उत्तर मिळालं. इतके प्रवास केलेल्या चित्राबद्दल हे ऐकून हसू येतं, पण ते खोटं नाही. कॅनव्हास खरंच जर्जर झाला आहे. २०२३ पासून तिथे फोटो काढायला परवानगी आहे. त्यामुळे आता निम्मे लोक चित्राकडे पाठ करून उभे असतात.

थिसेन संग्रहालयाबद्दल थोडक्यात सांगतो. एका उद्योगपती घराण्याचा हा संग्रह. १९९२ मध्ये माद्रिदला आला आणि पुढच्या वर्षी स्पेननं त्यातली ७७५ चित्रं ३५ कोटी डॉलरना विकत घेतली. व्यवहार सरळ, पावती पक्की. पण त्यात कामिय पिसारोचं १८९७ चं एक चित्र आहे. पॅरिसचा रस्ता, दुपारचा पाऊस, ओली फरशी, घोडागाड्या. हे चित्र बर्लिनच्या कासिरर या ज्यू कुटुंबाचं. १९३९ मध्ये लिली कासिररला जर्मनीतून बाहेर पडण्याच्या परवानगीसाठी ते ९०० मार्कांना द्यावं लागलं, आणि तेही पैसे तिच्या हाती पडले नाहीत. बॅरन थिसेननं ते १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या विक्रेत्याकडून घेतलं. लिलीच्या नातवाला चित्राचा ठावठिकाणा कळला तो जवळजवळ पाव शतकानंतर. २००५ मध्ये त्यानं कॅलिफोर्नियात दावा लावला. नातू २०१० मध्ये वारला, दावा मुलानं पुढे चालवला. स्पेनच्या कायद्यानुसार ठरावीक वर्षं उघड ताबा राहिला की मालकी मिळते, त्या आधारे न्यायालयांनी संग्रहालयाच्या बाजूनं कौल दिला. मग कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदाच बदलला, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आधीचा निकाल रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी खाली पाठवलं. ज्या देशानं स्वतःची चित्रं परत मिळवण्यासाठी जुन्या पावत्या शोधल्या, त्यानं या बाईची कैफियत अधिक मोकळ्या मनानं ऐकायला हवी होती असं मला वाटतं.

परत मिळवण्याची स्पेनला जुनी ओढ आहे. सेरानो रस्त्यावरच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ‘दामा दे एल्चे’ हा दगडी अर्धपुतळा आहे. दोन्ही कानांवर चाकांसारखे मोठे दागिने ल्यालेली, डोळे खाली झुकवलेली ती ख्रिस्तपूर्व काळातली बाई एकदा पाहिली की विसरत नाही. १८९७ मध्ये शेतात सापडली आणि लगेच ४००० फ्रँकला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासाठी विकली गेली. १९४१ मध्ये फ्रान्सच्या पेताँ सरकारशी अदलाबदल करून फ्रँकोनं ती परत आणली. सोबत नेपोलियनच्या सेनापतीनं सेव्हिलहून उचललेलं मुरियोचं चित्रही आलं, ते आज प्राडोत आहे. दोन हुकूमशहांनी केलेला सौदा, पण वस्तू तिच्या घरी आली, आणि आज तो कुणी मोडा असं म्हणत नाही.

शेवटच्या दिवशी शहराच्या पश्चिम टोकाला अमेरिका संग्रहालयात गेलो. तिकडे प्रवासी फारसे फिरकत नाहीत; काही दालनांत मी आणि पहारेकरी एवढेच होतो. तिथे किंबाया सोनं आहे. आजच्या कोलंबियातल्या थडग्यांतून निघालेले सोन्याचे पुतळे, चुन्याची भांडी, शिरस्त्राणं. मांडी घालून शांत बसलेल्या माणसाचं एक भांडं इतकं देखणं आहे, की सोनं हे फक्त त्याचं साहित्य आहे असं वाटावं. १८९२ मध्ये कोलंबसाच्या चारशेव्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी हा खजिना माद्रिदला आला. पुढच्या वर्षी कोलंबियाच्या अध्यक्षांनी संसदेला न विचारता तो स्पेनच्या राणीला भेट देऊन टाकला, १२२ वस्तू. २०१७ मध्ये कोलंबियाच्या घटना न्यायालयानं ती भेट घटनाविरोधी ठरवून सरकारला खजिना परत मागायला सांगितलं, आणि २०२४ मध्ये कोलंबियानं स्पेनला तसं रीतसर पत्र लिहिलं.